मुक्त इलेक्ट्रॉनांचा लेसर : एका यंत्राची आठवड्यागणिक उभारणी

शास्त्राच्या इतिहासात तारखांना मोठा मान असतो. अमुक दिवशी अमुक शोध लागला, अमुक दिवशी अमुक यंत्र प्रथम चालले, अशा नोंदी ग्रंथांतून केलेल्या असतात. १५ जून १९९८ ही अशीच एक तारीख होय. त्या दिवशी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज या शहरी, टॉमस जेफरसन राष्ट्रीय वेगवर्धक प्रयोगशाळेत, मुक्त इलेक्ट्रॉनांपासून लेसर-प्रकाश निर्माण करणारे एक नवे यंत्र प्रथम प्रकाशले. प्रकाशले असे म्हणावयाचे, परंतु तो प्रकाश मानवी डोळ्यांना दिसणारा नव्हता. त्याची तरंगलांबी पाच मायक्रॉनच्या आसपास होती. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहस्रांश.) तो अवरक्त प्रकाश असून त्याचे अस्तित्व मापकयंत्रांच्या साहाय्यानेच जाणता येत होते.

या एका दिवसामागे सुमारे दोन वर्षांचे परिश्रम होते. उभारणीस १९९६ साली प्रारंभ झाला होता. अशा मोठ्या यंत्राच्या उभारणीतील प्रगती दिवसांनी मोजू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. वर्षांनी मोजावी, तर एखादी वाट चुकली असल्यास ते फार उशिरा कळते. म्हणून आठवडा हेच तेथील स्वाभाविक माप ठरते. गेल्या आठवड्यात काय साधले, काय अडले आणि येत्या आठवड्यात काय करावयाचे, या तीन प्रश्नांभोवती प्रयोगशाळेचे जीवन फिरत असते. हे यंत्र कशाचे बनलेले असते, ते उभारणे इतके कठीण का, आणि ही आठवड्याआठवड्याची प्रगती म्हणजे नेमके काय, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

इलेक्ट्रॉन मुक्त का हवेत?

सामान्य लेसरमध्ये प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूंशी बद्ध असतात. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर तयार केला, तो माणकाच्या स्फटिकाचा होता. माणकातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या निसर्गानेच ठरवून दिलेल्या असतात. त्यामुळे त्या स्फटिकातून एका ठराविक तांबड्या रंगाचाच प्रकाश मिळतो. दुसरा रंग हवा असल्यास दुसरा पदार्थ शोधावा लागतो. शिवाय प्रकाश निर्माण होताना जी उष्णता उत्पन्न होते ती त्या स्फटिकातच साठते, आणि लेसरची शक्ती एका मर्यादेपलीकडे वाढवू गेल्यास स्फटिक तापून निकामी होतो.

या दोन्ही बंधनांतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनांना अणूंपासून मोकळे करणे. मोकळे इलेक्ट्रॉन निर्वात नळीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागले, की त्यांच्या वाटेवर चुंबकांची एक लांब माळ ठेवतात. या माळेत उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने मांडलेले असतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांना सरळ जाता येत नाही. ते एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे नागमोडी जातात. या माळेस विग्लर असे नाव आहे. विद्युत्भारित कणाची दिशा बदलली की तो प्रकाश बाहेर टाकतो, हा पदार्थविज्ञानाचा प्रस्थापित नियम होय. विग्लरमधील प्रत्येक वळणावर इलेक्ट्रॉन थोडा प्रकाश देतो, आणि तो प्रकाश समोरच्या दिशेने जातो.

या प्रकाशाची तरंगलांबी कशी ठरते, हे पाहण्यासारखे आहे. जेफरसन प्रयोगशाळेच्या पहिल्या यंत्रातील विग्लरमध्ये चुंबकांचा एक आवर्त २.७ सेंटिमीटर लांबीचा होता, आणि असे ४० आवर्त होते. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा ४ कोटी ८० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असताना त्याचे वस्तुमान स्थिर इलेक्ट्रॉनाच्या सुमारे ९५ पट भासते. सापेक्षतेच्या नियमानुसार अशा इलेक्ट्रॉनास समोरील चुंबकमाळ ९५ पटींनी आखूड दिसते. आणि त्याने पुढे टाकलेला प्रकाश आपणास आणखी सुमारे १९० पटींनी आखूड तरंगलांबीचा दिसतो. असा दुहेरी भागाकार केला की २.७ सेंटिमीटरचे दीड मायक्रॉन होतात. नागमोडी वाटेने जाताना इलेक्ट्रॉन थोडा मागे पडतो, त्यामुळे ही लांबी जवळपास दुप्पट होऊन तीन मायक्रॉनवर येते. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा कमीअधिक केली, की तरंगलांबीही बदलते. वाद्याची तार पिळून स्वर बदलावा, तसा या लेसरचा रंग बदलता येतो.

विग्लरमधून प्रकाश मिळतो, ही गोष्ट हान्स मोट्झ यांनी १९५१ साली सैद्धांतिक रीतीने मांडली होती. परंतु तो प्रकाश विस्कळीत होता. प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या तालाने चालत होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन मेडी यांनी १९७१ साली दाखवून दिले की, विग्लरमध्ये बाहेरून प्रकाश सोडल्यास तो प्रकाशच इलेक्ट्रॉनांना शिस्त लावतो. काही इलेक्ट्रॉन थोडे वेग घेतात, काही वेग गमावतात, आणि हळूहळू सारे इलेक्ट्रॉन एकेका तरंगलांबीच्या अंतराने थरांत गोळा होतात. मग ते एका तालात प्रकाश देऊ लागतात आणि मूळ प्रकाश वाढतो. १९७६ साली मेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाढ प्रत्यक्ष मोजली, आणि १९७७ साली दोन आरशांच्या मध्ये विग्लर ठेवून ३.४ मायक्रॉन तरंगलांबीचा पहिला मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर चालविला.

खरा प्रश्न काटकसरीचा

मग वीस वर्षांनंतर न्यूपोर्ट न्यूज येथे नवीन असे काय करावयाचे होते? उत्तर एका शब्दात देता येईल : शक्ती. स्टॅनफर्डनंतर जगात इतरत्रही असे लेसर उभे राहिले होते. परंतु त्यांची सरासरी शक्ती अल्प होती. १९९८ पूर्वीचा उच्चांक सुमारे ११ वॅटचा होता, म्हणजे एका लहानशा विजेच्या दिव्याइतका. जेफरसन प्रयोगशाळेने आपल्यापुढे एक किलोवॅटचे, म्हणजे हजार वॅटचे ध्येय ठेवले.

ही उडी घेण्यास एक मोठी अडचण होती. विग्लरमधून जाताना इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेपैकी शेकडा एक भागही प्रकाशास देत नाहीत. आखलेल्या यंत्रातील विद्युत्प्रवाह पाच मिलिअँपियर आणि ऊर्जा ४ कोटी ८० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरल्यास इलेक्ट्रॉनांच्या शलाकेची शक्ती २४० किलोवॅट भरते. त्यातून प्रकाशाच्या वाट्यास एक-दोन किलोवॅट येणार, आणि उरलेली सर्व शक्ती एखाद्या धातूच्या ठोकळ्यावर आदळून वाया जाणार. शंभर रुपये खर्चून एक रुपयाचा माल घ्यावा आणि नव्याण्णव रुपये विहिरीत टाकावेत, असाच हा व्यवहार झाला. असल्या उधळपट्टीने मोठा लेसर चालविणे परवडणारे नव्हते.

यावरील उपाय मॉरी टिग्नर यांनी १९६५ साली एका वेगळ्या संदर्भात सुचविला होता. वापरून झालेले इलेक्ट्रॉन फेकून न देता त्यांना फिरवून परत वेगवर्धकात आणावयाचे. मात्र अशा क्षणी आणावयाचे, की तेथील विद्युत्क्षेत्र त्यांच्या उलट असेल. मग पुढे ढकलले जाण्याऐवजी ते मंदावतात, आणि मंदावताना आपली ऊर्जा त्या क्षेत्रास परत देतात. तीच ऊर्जा पाठोपाठ येणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनांस मिळते. विहिरीच्या कप्पीवरून दोन पोहरे सोडलेले असले, म्हणजे खाली उतरणारा पोहरा वर चढणाऱ्या पोहऱ्यास आपल्या भाराने साहाय्य करतो; त्यातलाच हा प्रकार. अशी परतफेड होऊ शकते, हे स्टॅनफर्ड येथे १९८० नंतरच्या दशकात दाखविले गेले होते. परंतु लेसर चालू असताना आणि एवढ्या मोठ्या शक्तीच्या शलाकेवर ती साधेल काय, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिलेले नव्हते. सारा प्रकल्प याच प्रश्नावर उभा होता.

यंत्रासाठी अमेरिकेच्या नौदलाने पैसा दिला आणि इमारतीचा भार व्हर्जिनिया राज्याने उचलला. नौदलाचा हेतू उघड होता : जहाजावर चाल करून येणारी क्षेपणास्त्रे प्रकाशाच्या झोताने नष्ट करता येतील काय, हे त्यांस पाहावयाचे होते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना आणि उद्योगांतील त्यांच्या सहकाऱ्यांना पदार्थांवरील प्रक्रिया, रसायन आणि वैद्यक यांसाठी हवा तो रंग देणारा प्रबळ प्रकाश पाहिजे होता. हेतू निराळे असले तरी यंत्र एकच होते. या कार्यक्रमाचे प्रमुखपद एच. फ्रेडरिक डिला यांच्याकडे होते.

पहिले टोक : इलेक्ट्रॉनांची तोफ

यंत्राचा आरंभ एका तोफेपासून होतो. ही तोफ गोळे फेकीत नाही, इलेक्ट्रॉन फेकते. गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर सीझियम धातूचा अत्यंत पातळ थर देतात, आणि तिच्यावर हिरव्या लेसर-प्रकाशाचे स्पंद पाडतात. प्रत्येक स्पंदाबरोबर इलेक्ट्रॉनांचा एक पुंजका सुटतो. सुमारे सव्वातीन लक्ष व्होल्टचा विद्युत्दाब त्या पुंजक्यास पुढे ओढतो. एका पुंजक्यात चाळीस कोटींच्या आसपास इलेक्ट्रॉन, आणि असे साडेसात कोटी पुंजके दर सेकंदास, हे या तोफेचे पूर्ण भरातील प्रमाण होते.

वर्णन सोपे, परंतु येथेच आठवड्यामागून आठवडे जातात. सीझियमचा थर इतका नाजूक असतो की हवेचा लवलेशही त्यास मारक ठरतो. तोफेतील दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरच्या दहा हजार कोटी भागांपैकी एका भागाच्या आसपास आणावा लागतो. पंप लावले म्हणजे असे निर्वात लगोलग मिळत नाही. धातूच्या भिंतींना चिकटून बसलेली पाण्याची वाफ सुटी करण्यासाठी संपूर्ण नळकांडे दिवसेंदिवस तापवून भाजावे लागते. एखादा सांधा सूक्ष्म प्रमाणात जरी गळत असला, तरी तो शोधून काढणे, कुलूप उघडणे आणि पुन्हा पहिल्यापासून भाजणे भाग पडते. आठवडाभराच्या कामाचे फळ म्हणून मापकाच्या तबकडीवर एक शून्य वाढते.

त्यानंतर विद्युत्दाबाची पाळी. लक्षावधी व्होल्टचा दाब दिला की धातूच्या पृष्ठभागावरील अणकुचीदार टोकातून किंवा धुळीच्या कणातून इलेक्ट्रॉन आपोआप सुटू लागतात. हे आगंतुक इलेक्ट्रॉन चकतीवरील थर बिघडवितात आणि विद्युत्रोधकास इजा करतात. यास्तव दाब एकदम न चढविता पायरीपायरीने चढवितात. प्रत्येक पायरीवर थांबून दुर्बल जागा जळून जाऊ देतात, आणि ज्या दाबावर यंत्र चालवावयाचे त्याहूनही थोडे वर जाऊन परत येतात. कामाचा दाब मग सुरक्षित ठरतो. या तोफेची मूळ आखणी पाच लक्ष व्होल्टची होती. प्रत्यक्षात ती सव्वातीन लक्षांच्या आसपास चालविण्यात आली. सगळेच अडथळे पार करावयाचे नसतात. कोणत्या अडथळ्यापाशी थांबून पुढील काम आरंभावे, हा निर्णयही प्रगतीचाच भाग असतो.

थंडी आणि ताल

तोफेतून निघालेल्या पुंजक्यांस पुढे नायोबियम धातूच्या पोकळ्यांतून नेतात. आधी दोन पोकळ्या त्यांस सुमारे एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतात. नंतर आठ पोकळ्यांची एक मालिका ती ऊर्जा चार-पाच कोटींपर्यंत चढविते. या पोकळ्यांत विद्युत्क्षेत्र दर सेकंदास १४९ कोटी ७० लक्ष वेळा उलटसुलट होत असते. झोपाळ्यास योग्य क्षणी हात लावला तर तो उंच जातो आणि अवेळी लावला तर थांबतो, तसेच येथेही आहे. पुंजका नेमक्या क्षणी आला तर त्यास वेग मिळतो. अर्ध्या आवर्ताने उशिरा आला तर तो वेग गमावतो. आणि या दुसऱ्या शक्यतेचाच उपयोग ऊर्जेच्या परतफेडीसाठी करावयाचा होता.

नायोबियमच्या या अतिसंवाहक पोकळ्या चालविताना त्यांस निरपेक्ष शून्याच्या वर केवळ दोन अंशांवर ठेवतात. त्यासाठी द्रवरूप हीलियम लागते. जेफरसन प्रयोगशाळेच्या आवारात अणुगर्भाच्या अभ्यासासाठी उभारलेला एक मोठा वेगवर्धक होता, व त्याच्या शीतकरणाची प्रचंड यंत्रणा आधीच सज्ज होती. नव्या यंत्रास त्या शेजाराचा मोठा लाभ झाला. अतिसंवाहक पोकळीच्या भिंतीत ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही, म्हणूनच परत आलेली ऊर्जा तेथे टिकते आणि पुढच्या पुंजक्यास मिळते. तांब्याच्या पोकळीत ती भिंती तापविण्यातच संपून गेली असती.

विग्लर आणि आरसे

विग्लरमधून एकदा जाताना प्रकाश थोडाच वाढतो. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस आरसे ठेवून प्रकाश पुन्हापुन्हा विग्लरमधून नेतात. या यंत्रातील आरशांत आठ मीटरांचे अंतर होते. प्रकाश या अंतरात दर सेकंदास सुमारे एक कोटी ८७ लक्ष वेळा जाऊन येतो. आता गंमत अशी की, परत आलेला प्रकाश-स्पंद आणि नव्याने आलेला इलेक्ट्रॉन-पुंजका यांनी विग्लरच्या तोंडाशी एकाच वेळी पोहोचले पाहिजे. पुंजक्याची लांबी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याइतकी. तेव्हा आठ मीटरांच्या अंतरात काही मायक्रॉनांची जरी चूक झाली, तरी प्रत्येक फेरीबरोबर ती साचत जाऊन दोघांची चुकामूक होते. केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातील बारकावा ध्यानात येईल.

येथे या यंत्राच्या उभारणीचे मर्म आहे. निर्वात उत्तम आहे पण चकती कमजोर आहे, तर प्रकाश नाही. चकती उत्तम आहे पण पोकळ्यांचा ताल ढळतो आहे, तर प्रकाश नाही. सर्व काही जुळले आहे पण एक आरसा किंचित कलला आहे, तरीही प्रकाश नाही. नव्याण्णव अटी पुऱ्या झाल्या म्हणून नव्याण्णव टक्के प्रकाश मिळत नाही. शंभरावी अट पुरी होईपर्यंत काहीच मिळत नाही. त्यामुळे अखेरच्या दिवसापर्यंत बाहेरून पाहणाऱ्यास यंत्रात काहीच प्रगती दिसत नाही. आतल्या माणसांस ती दिसते, कारण त्यांच्यापाशी आठवड्याआठवड्याच्या नोंदी असतात : दाब इतका उतरला, प्रवाह इतका वेळ टिकला, पुंजका इतका आखूड झाला.

जून १९९८ आणि त्यानंतर

शास्त्रज्ञांनी कार्याचे दोन टप्पे पाडले होते. पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन परत फिरवावयाचेच नव्हते. सरळ वाटेने जाऊन ते विग्लरपलीकडे संपणार होते आणि शंभर वॅटहून अधिक प्रकाश मिळाला म्हणजे पुरे होते. प्रकाशाची वाढ भरपूर व्हावी म्हणून तरंगलांबी पाच मायक्रॉनच्या आसपास आणि ऊर्जा ३ कोटी ८५ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट निवडण्यात आली. १५ जूनला प्रथम प्रकाश मिळाला; दोनच दिवसांनी, १७ जून रोजी, १५५ वॅट अखंड शक्ती मिळाली. त्या वेळी प्रकाश बाहेर सोडणारा आरसा शेकडा ९८ भाग प्रकाश परत पाठवीत होता. त्या जागी शेकडा ९० भाग परत पाठविणारा आरसा बसविल्यावर २८ जुलै रोजी ३११ वॅट मिळाले. ज्या प्रकाशासाठी दोन वर्षे लागली, त्याची शक्ती सहा आठवड्यांत दुप्पट झाली, याचे कारण दोन वर्षांच्या त्या आठवड्यांतच शोधावे लागते.

परंतु सरळ वाटेने जाऊन एवढेच मिळणार होते. पोकळ्यांस ऊर्जा पुरविणाऱ्या यंत्रांचा आवाका सुमारे एक मिलिअँपियर प्रवाहाचा होता. त्यापुढे जावयाचे तर इलेक्ट्रॉनांनी ऊर्जा परत केली पाहिजे होती. इतके दिवस बाजूस ठेवलेला मुख्य प्रश्न आता समोर आला.

इलेक्ट्रॉनांस वळवून परत आणण्यासाठी चुंबकांची दोन मोठी वळणे बसविली होती. त्यांची रचना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या बेट्स प्रयोगशाळेतील वळणांच्या धर्तीवर केलेली होती. खरी कसोटी अशी होती की, लेसर चालू झाला की इलेक्ट्रॉनांची ऊर्जा विखुरते. कोणी अधिक गमावतो, कोणी कमी. वेग मंदावताना एकूण ऊर्जा पाचव्या हिश्श्यावर येते, पण हा विखार तसाच राहिला तर तो त्या मानाने पाचपट मोठा ठरतो. मग काही इलेक्ट्रॉन वाट सोडून नळीच्या भिंतीवर आदळणार. दोनशे किलोवॅटच्या शलाकेचा अल्प अंशही भिंतीवर पडला तर नळीस भोक पडण्यास वेळ लागत नाही. म्हणून वळणांची मांडणी अशी केली होती की, कमी ऊर्जेचे व अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या क्षणी पोकळीत यावेत आणि त्यांच्यातील अंतर तेथे मिटावे. शिवाय शलाका किंचितही ढळली की तोफेवरील प्रकाश तत्काळ बंद करणारी संरक्षक यंत्रणा होती.

प्रवाह थोडाथोडा वाढवीत, प्रत्येक पायरीवर शलाकेची वाट तपासीत, हे काम पुढील वर्षभर चालले. जुलै १९९९ मध्ये ३.१ मायक्रॉन तरंगलांबीवर १,७२० वॅट मिळाले. ध्येय हजार वॅटचे होते. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे लेसर पूर्ण भरात चालू असताना ऊर्जेची परतफेड बिनघोर होत राहिली. शलाका शेवटी ज्या ठोकळ्यावर संपे, तेथे तिची ऊर्जा केवळ एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट उरत असे. इतक्या कमी ऊर्जेवर किरणोत्सर्गाचा उपद्रवही फार घटतो. टिग्नर यांच्या कल्पनेस चौतीस वर्षांनी असे पूर्ण रूप आले.

नको असलेला प्रकाश

२००१ साली हे यंत्र थांबवून त्याच जागी मोठे यंत्र उभारण्यास प्रारंभ झाला. पोकळ्यांच्या मालिका एकाच्या तीन झाल्या आणि आरशांतील अंतर ८ मीटरांवरून ३२ मीटर झाले. आरसे दूर नेण्याचे कारण उघड आहे : दूर गेलेला झोत पसरतो आणि आरशावर पडणारी उष्णता मोठ्या जागेत वाटली जाते. इलेक्ट्रॉनांना स्फटिकाप्रमाणे तापून फुटण्याचे भय नसले, तरी आरशांना ते असतेच.

या नव्या यंत्रात एक चमत्कारिक अडचण आली. इलेक्ट्रॉन-पुंजके फार आखूड असल्याने चुंबकाच्या वळणावर ते सगळे मिळून एका तालात दीर्घ तरंगलांबीचा प्रकाश टाकीत. हे टेराहर्ट्झ किरण रेडिओ-लहरी आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधल्या प्रदेशातील होत. कोणी न मागितलेला हा प्रकाश लेसरच्या आरशावर पडून त्यास तापवू लागला. विग्लरनंतर पुंजका ताणून लांब करणारी चुंबकांची एक लहान मालिका बसवून ही अडचण दूर करण्यात आली. मौजेची गोष्ट ही की, जुन्या यंत्रावर याच किरणांचे मापन करून शास्त्रज्ञांनी २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले होते. त्यांची सरासरी शक्ती सुमारे २० वॅट भरली, आणि त्या प्रदेशातील तोवरच्या उगमांच्या मानाने ती कितीतरी अधिक होती. एका आठवड्याच्या नोंदीत जे अडचण म्हणून लिहिले जाते, ते दुसऱ्या नोंदीत साधन म्हणून येऊ शकते.

जुलै २००४ मध्ये या यंत्राने सहा मायक्रॉनवर दहा किलोवॅट, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये १.६ मायक्रॉनवर चौदा किलोवॅट शक्ती दिली. २००६ सालीच वैद्यकातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला : १.२ मायक्रॉनच्या जवळपासचा प्रकाश वापरून डुकराच्या त्वचेखालील चरबी, वरची त्वचा न भाजता, तापविता आली. रंग हवा तसा बदलता येत असल्यामुळेच कोणता रंग चरबीत अधिक शोषला जातो हे शोधता आले. नौदलाने मात्र पुढे जहाजांसाठी लहान आकाराचे घन-पदार्थ लेसर पसंत केले. २०१४ साली त्यांनी ‘पॉन्स’ या जहाजावर चाचणीसाठी बसविला तो अशाच जातीचा होता. ज्या हेतूने पैसा मिळाला तो हेतू या मार्गाने सफल झाला नाही, पण मिळालेले ज्ञान फुकट गेले नाही.

विद्येचा प्रवास

ते ज्ञान कोठे गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे एप्रिल २००९ मध्ये दीड अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा, म्हणजे अणूच्या आकाराइतक्या लहरींचा, क्ष-किरण लेसर चालू झाला. क्ष-किरणांसाठी तशा आरशांचा उपयोग नसतो. म्हणून तेथे विग्लरचीच माळ इतकी लांब करतात की एकाच फेरीत प्रकाश पूर्ण वाढावा. त्याच ठिकाणी अतिसंवाहक पोकळ्यांचा नवा वेगवर्धक उभारून सप्टेंबर २०२३ मध्ये त्यापासून क्ष-किरण मिळविण्यात आले. त्या पोकळ्यांच्या मालिका फर्मी प्रयोगशाळा आणि जेफरसन प्रयोगशाळा यांनी तयार केल्या, आणि त्यांतील काहींची परीक्षा न्यूपोर्ट न्यूज येथे जुन्या लेसरच्याच दालनात झाली.

आपल्या देशातही या विद्येची लागवड झाली आहे. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात दूरच्या अवरक्त प्रदेशासाठी, १२.५ ते ५० मायक्रॉन तरंगलांबीचा, मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर उभारण्यात आला आणि २०१६ साली त्यात लेसर-क्रियेची पहिली खूण मिळाली. नवी दिल्लीतील आंतर-विश्वविद्यालय त्वरक केंद्रानेही टेराहर्ट्झ किरणांसाठी असा प्रकल्प हाती घेतला. या यंत्रांचा आवाका आणि हेतू वेगळे असले, तरी निर्वात, ताल आणि सरळ रेषा यांचे नियम इंदुरात आणि न्यूपोर्ट न्यूजमध्ये सारखेच कठोर आहेत. परदेशातून एखादे उपकरण विकत आणता येते. परंतु आठवड्याआठवड्याने अंगी मुरलेला अनुभव विकत मिळत नाही. तो ज्याचा त्यानेच कमवावा लागतो.

म्हणून एखाद्या प्रयोगशाळेत तरुण तंत्रज्ञ आठवडाभर एकाच नळीच्या सांध्यामागे लागलेला दिसला, तर त्याचे काम संथ चालले आहे असे कोणी समजू नये. त्या सांध्यावाचून पुढचा दाब नाही, त्या दाबावाचून पुंजका नाही आणि पुंजक्यावाचून प्रकाश नाही. देशाची विज्ञानातील प्रगती मोजावयाची झाल्यास उद्घाटनाच्या तारखांबरोबर अशा आठवड्यांच्या नोंदवह्याही पाहाव्यात. पुढील तारखा त्यांतच घडत असतात.